राहून गेलेली कडवी

जुन्या मराठी गाण्याची जी ध्वनिमुद्रिका आपण प्रमाण मानतो, ती पुष्कळदा अपुरी असते. गायकाला पुढचे येत नव्हते असे नाही, तबकडीत जागाच तेवढी होती. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्यात पेटीचे आरंभीचे सूर, ध्रुवपद, दोन कडवी, जमलेच तर तिसरे, आणि पुन्हा ध्रुवपदावर येऊन थांबायचे. लांब कवितेची मधली कडवी बाहेर राहत. पुढे तीच तबकडी रेडिओवर वाजली, ती ऐकून आमच्या आईच्या पिढीने गाणे पाठ केले, मुलींनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये तेवढेच म्हटले, आणि राहिलेली कडवी कवितासंग्रहाच्या पानावर तशीच पडून राहिली. भा. रा. तांब्यांची समग्र कविता ज्यांच्याकडे असेल त्यांनी काढून पाहावी. गाणे म्हणून ओठांवर असलेली कविता छापील पानावर किती तरी लांब असल्याचे दिसेल. तांब्यांनी तर अनेक कवितांवर राग आणि तालही लिहून ठेवले आहेत. कवीने स्वतः गुणगुणत रचलेली कविता, आणि आपण तिची निम्मी ओळख ठेवून समाधानी आहोत.

म्हणून माझे म्हणणे असे की जुन्या गाण्यांवर ज्यांचे खरे प्रेम आहे त्यांनी ती नुसती ऐकू नयेत. ती घरी पूर्ण गावीत, ध्वनिमुद्रित करावीत आणि पुढच्यांच्या हाती द्यावीत. मोठ्या स्टुडिओची, मोठ्या गळ्याची वाट पाहू नये. जे गाणे बाजाराला नको आहे ते कोणतीही कंपनी पुन्हा काढणार नाही. ते ज्यांना हवे आहे त्यांनीच काढले पाहिजे.

मी मिरजेत राहते. शाळेत संगीत शिकवण्यात नोकरी गेली. निवृत्तीनंतर माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, त्या पेटीवर आणि मी गायला, असे आम्ही जुन्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांचा घरचा एक संच तयार करतो आहोत. ध्वनिमुद्रणाचे सगळे माझा पुतण्या पाहतो. आधार आहे तो माझ्या आईच्या गाण्याच्या वहीचा. त्या काळी गाणाऱ्या घरांतून अशी वही असायचीच. लाल पुठ्ठ्याची, रेघांची, वर 'श्री', आत नाट्यपदे, भावगीते, भूपाळ्या, पाळणे, हादग्याची गाणी, एकापाठोपाठ एक, जशी ऐकली तशी. आईने काही ठिकाणी समासात स्वर लिहिले आहेत, काही ठिकाणी नुसते 'माईंची चाल'. कोण माई, ते आता सांगायला कोणी नाही. पण ज्यांची चाल अजून कोणाला तरी येते अशी पुष्कळ गाणी त्या वहीत आहेत, आणि ती चाल येणारी माणसे आज ऐंशीच्या पुढची आहेत. घाई आहे ती यामुळे.

पहिल्यांदा आम्ही 'सौभद्र' घेतले. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते रंगभूमीवर आणले. मूळ नाटकात शंभरावर पदे आहेत. नाटके रात्रभर चालायची, प्रेक्षक पहाटेपर्यंत बसायचे, तेव्हा ती सगळी गायली जात. प्रयोग तीन तासांवर आला तशी पदे गळत गेली. गळताना जी राहिली ती कोणती, हे पाहण्यासारखे आहे. राहिली ती रागदारीची, जिथे गायकाला तान घेता येते, जिथे टाळी मिळते. गळल्या त्या साक्या, दिंड्या, कामदा, अंजनीगीते. दोन-चार ओळींची ही पदे. पात्राने बोलता बोलता गाण्यात शिरावे आणि गाता गाता बोलण्यात परत यावे, यासाठी ती रचलेली असत. त्यांत गायकी दाखवायला वाव कमी, पण नाटक त्यांवर चालत होते. सुभद्रेची चिडचिड, कृष्णाचा खोडकरपणा, बलरामाचा तापटपणा या छोट्या पदांतून जितका उमटतो तितका मोठ्या पदांतूनही उमटत नाही, असे मला गाताना जाणवले. नाटक आपण मैफलीसारखे ऐकायला लागलो आणि त्यातला संवाद गमावला.

ही छोटी पदे गायची म्हणजे चाल हवी. छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर चाल दिलेली असते, पण ती दुसऱ्या एखाद्या गाण्याच्या नावाने. अमुक लावणीची चाल, तमुक कानडी पदाची चाल. किर्लोस्कर मूळचे कानडी मुलखातले, तिकडच्या चाली त्यांच्या कानात होत्या, आणि त्या वेळच्या वाचकालाही नुसत्या नावावरून चाल कळत असे. आज ते मूळ गाणेच कोणाला येत नाही. साकी-दिंडीचे मात्र तसे नाही. त्यांच्या चाली ठरलेल्या आहेत आणि त्या कीर्तनात अजून जिवंत आहेत. दिंडीच्या ओळीत १९ मात्रा, नऊवर थांबा, पुढे दहा. सांगलीतल्या एका वयोवृद्ध हरिदासबुवांकडे आम्ही दोघी जाऊन बसलो. बुवांनी चिपळ्या हातात घेतल्या, दिंडी म्हणून दाखवली, मग तीच दिंडी करुण प्रसंगात कशी म्हणायची आणि रागाच्या प्रसंगात कशी, तेही दाखवले. ओळ तीच, मात्रा त्याच, ठेका बदलला की माणूस बदलतो. संगीताची पदवी घेताना मला हे कोणी शिकवले नव्हते, आणि वर्गात मीही कोणाला शिकवले नाही, कारण अभ्यासक्रमात साकी-दिंडीला जागाच नव्हती. संगीत विषयाच्या मंडळांनी याचा विचार करावा. रागांच्या यादीत आणखी एक राग कमी घेतला तरी चालेल, पण मराठी मुलाला दिंडीची चाल आली पाहिजे.

कानडी चालींचा शोध अजून चालू आहे. मिरज सरहद्दीवरचे गाव, इथे पुष्कळ घरांत दोन्ही भाषा बोलल्या जातात. अक्कांचे माहेर कर्नाटकात, अथणीच्या बाजूला. त्यांच्या माहेरच्या लग्नातल्या गाण्यांपैकी एका गाण्याची चाल 'सौभद्रा'तल्या एका पदाला तंतोतंत बसते. ती तीच का, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. पण पद त्या चालीत गाऊन पाहिले आणि शब्द आपापल्या जागी येऊन बसले. आम्ही ते तसे ध्वनिमुद्रित केले आणि सोबत लिहून ठेवले की ही चाल अमक्या गावच्या लग्नगीतावरून घेतली, नाटक मंडळीची परंपरा म्हणून नव्हे. असे लिहून ठेवणे मी गाण्याइतकेच महत्त्वाचे मानते. नाही तर उद्या कोणी तरी आमचीच चाल किर्लोस्करांची म्हणून सांगेल.

आता प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाविषयी. घरी काही करू पाहणाऱ्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

जुनी तबकडी समोर ठेवून गाणे बसवायचे तर आधी तिचा सूर तपासावा. तबकडी दर मिनिटाला ७८ ऐवजी ७४ फेऱ्या फिरली तर गाणे जवळजवळ अर्धा सूर उतरते. काळी चारमधले गाणे पांढरी पाचमध्ये ऐकू येते आणि लयही तेवढीच मंदावते. उलट वेगाने फिरली तर गळा कोवळा, चिरका वाटतो. सुरुवातीच्या काळात तबकड्या सगळ्या नेमक्या ७८च्याच वेगाने भरल्या जात असेही नव्हते. त्यामुळे इंटरनेटवर ऐकू येणाऱ्या जुन्या गाण्याची पट्टी आणि लय ही गायकाचीच असेल असे समजू नये. आणखी एक गोष्ट घाईची. तबकडीतली जागा संपायच्या आत गाणे संपवायचे असल्याने गायक लय चढी ठेवत. मैफलीत जे पद निवांत चाले, ते तबकडीत धावते. आम्ही ही पदे गाताना लय उतरवली आणि शब्दांना श्वास मिळाला. १९२५च्या आधीची ध्वनिमुद्रणे तर कर्ण्यात तोंड घालून केलेली. मायक्रोफोन नव्हता, त्यामुळे आवाज मोठा काढावा लागे. तानपुरा त्यांत जवळपास ऐकूच येत नाही. तो मोठा, ताठ आवाज हीच त्या काळची गायकी, असे आपण समजून बसतो. त्यातला काही भाग त्या यंत्राने मागितलेला होता.

तानपुरा आम्ही खरा वापरला. मिरजेत राहून फोनमधला तानपुरा लावणे मला पटत नाही. इथल्या सतारमेकरांच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तानपुरे घडतात, पंढरपूरकडचे भोपळे येतात, जवारी काढणारे कान अजून आहेत. आमच्या घरच्या तानपुऱ्याची जवारी नव्याने काढून घेतली. मग लक्षात आले की तानपुरा असा बोलू लागला की पेटीचा गांधार टोचतो. पेटीचे स्वर समान अंतराने लावलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गांधार तानपुऱ्यात आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा चढा असतो. अक्कांनी यावर साधा उपाय काढला. गांधारावर थांबायचे असेल तिथे त्या पेटीवर गांधार धरतच नाहीत, षड्ज-पंचम धरून ठेवतात आणि गांधार माझ्या गळ्यावर सोडतात. ज्या पदात गांधार महत्त्वाचा, तिथे हे केल्याने गाणे एकदम मोकळे झाले.

खोली आमचे माजघर. भिंतींना गोधड्या लावल्या, पंखा बंद, शेजारच्या पाण्याच्या मोटारीची वेळ सांभाळायची. पुतण्याने एक साधा मायक्रोफोन आणला आणि 'ऑडॅसिटी' नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर लावले. एवढ्यावर उत्तम काम होते. दोन गोष्टी मात्र मी करू दिल्या नाहीत. एक, बाजारात मिळणारा तयार ट्रॅक. त्यावर गायले की लय यंत्राच्या हातात जाते, आणि साकी-दिंडीत तर लय शब्दाच्या अर्थाप्रमाणे क्षणाक्षणाला मागेपुढे होते. दुसरी, सूर दुरुस्त करणारे यंत्र. "काकू, इथे निषाद जरा कमी आहे, मी वर करून देतो, कोणाला कळणार नाही," असे पुतण्या म्हणाला. त्याला शेजारी बसवून मी तीच जागा तानपुऱ्यावर गाऊन दाखवली. तिथला निषाद उतरताच आहे. सोडताना तो षड्जाकडे न जाता धैवताकडे झुकतो, म्हणून ती जागा ती जागा आहे. यंत्राला पेटीच्या बारा पट्ट्या माहीत असतात, त्या पट्ट्यांच्या मधे आपले संगीत राहते. मुलाला ते पटले आणि आता तोच मला अशा जागा दाखवतो.

काही जाणकार स्नेही विचारतात की बालगंधर्व, जे. एल. रानडे, गजानन वाटवे यांनी गायलेले आपण पुन्हा कशाला गायचे? जे शिखर आहे ते तसेच राहू द्यावे. या विचारामागची भक्ती मला समजते, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. आज आपण 'गीतरामायण' म्हटले की सुधीर फडक्यांचा आवाज ऐकतो. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ते प्रसारित होऊ लागले, तेव्हा त्या ५६ गीतांना किती तरी गळे होते. माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक, अशी नावे होती. पुढे सुधीर फडक्यांनी ती सगळी एकट्याने पुन्हा गायली, गावोगावी गायली, त्यांच्या आवाजात तबकड्या निघाल्या आणि घरोघर गेले ते हे दुसरे गाणे. रेडिओवरचे मूळ गाणे झाले म्हणून ते थांबले असते तर? कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदे घेऊन कार्यक्रम केला, त्याला नाव दिले 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्यावर तेव्हा वादही झाले. पण त्या नावात जी भूमिका आहे तीच मला इथे सांगायची आहे. मला जसे उमजले तसे मी गाते. मूळ कोणी पुसून टाकत नाही, उलट आमचे ऐकून एखादी मुलगी मूळ तबकडीकडे जाईल. फडके आणि कुमार फार मोठे होते हे खरे. मात्र पुन्हा गाण्याचा अधिकार मोठ्यांनाच असतो, असे आपल्या परंपरेत कधी नव्हते. अभंग कोणी गायचा, याला कधी परीक्षा नव्हती.

आणि जिथे तबकडीच नाही तिथे काय? माझ्या यजमानांच्या आत्याबाई, वय पंच्याऐंशीच्या आसपास, त्यांच्याकडून हादग्याची गाणी घ्यायला आम्ही बसलो. पुण्याकडे ज्याला भोंडला म्हणतात, विदर्भात भुलाबाई, तोच आमच्याकडे हादगा. हस्त नक्षत्र लागले की पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, शेवटी खिरापत ओळखायची. बाजारात मिळणाऱ्या पुस्तिकांत तीच ती दहा-पंधरा गाणी असतात, शाळांतून तीच म्हटली जातात. आत्याबाईंनी आठवून आठवून जी सांगितली त्यांतली बरीच मी कुठेही छापलेली पाहिली नाहीत. काहींत मिरज-पंढरपूर रेल्वे आहे, एकात प्लेगमुळे गाव सोडून माळावर राहायला गेलेले घर आहे. बायकांनी आपल्या काळाची बातमी गाण्यात घालून ठेवली होती.

गाताना त्यांचा सूर पांढरी चारच्याही खाली येतो, श्वास पुरत नाही, मधे थांबून त्या म्हणतात, "थांब गं पोरी, पुढचं फेर धरल्याशिवाय नाही यायचं." आणि ते खरे असते. उठून, माझा आणि अक्कांचा हात धरून दोन पावले टाकली की पुढची ओळ येते. त्यांचे ते थांबणे, पावलांचा आवाज, सगळे आम्ही तसेच ठेवले आहे. त्यांच्या आवाजातले ध्वनिमुद्रण आधी आणि त्यावरून आम्ही गायलेले नंतर, असे दोन्ही संचात आहे. पुतण्याच्या मित्रांनी सुचवले की आत्याबाईंचे सोडून द्यावे, ऐकायला नीट नाही. माझ्या मते संचातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

जात्यावरच्या ओव्यांबाबतीत पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी हे काम फार मोठ्या प्रमाणावर केले. गावोगावच्या बायकांकडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि आता त्या 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या ऑनलाइन संग्रहात सर्वांना वाचता येतात. शब्दांचा एवढा साठा दुसऱ्या कोणत्या भाषेत असा एकत्र आहे, मला माहीत नाही. चाल ऐकू येईल असे ध्वनिमुद्रण मात्र त्यातल्या थोड्याच ओव्यांचे होऊ शकले. जाती गेली, दळणाची पहाट गेली, आता चाल ज्यांच्या गळ्यात आहे त्या बायका आपल्याच घरांत आहेत. कोणाची आजी, कोणाची मावशी. फोन सगळ्यांच्या हातात आहे. नातवंडांच्या वाढदिवसाची इतकी चित्रणे होतात, त्यांत आजीच्या ओव्यांचे एक असायला काय हरकत आहे? तिच्याजवळ बसावे, चहा व्हावा, मग विचारावे. गाणे म्हण, असे एकदम म्हटले तर तिला काही आठवणार नाही. "तुझी आई दळताना काय म्हणायची?" असे विचारले तर आठवेल.

आता अडचण कुठे येते ते. जुनी नाट्यपदे, ओव्या, हादग्याची गाणी यांना कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे शब्द आणि चाल यांच्यावरचा हक्क त्या-त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. 'मानापमान' १९११चे. नाटककार खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली. आज ती पदे कोणीही गाऊन प्रसिद्ध करू शकते. भावगीतांचे तसे नाही. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि १९३०च्या दशकातल्या त्या तबकडीने मराठी भावगीताला वाट करून दिली. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचा, म्हणजे त्या तबकडीवरचा हक्क कधीच संपला. पण देशपांडे २००० साली गेले, तेव्हा कवितेवरचा हक्क २०६० अखेरपर्यंत आहे. तबकडीवरचा हक्क संपला, तरी तीच कविता माझ्या गळ्यातून प्रसिद्ध करायची तर परवानगी हवी.

कवीच्या वारसांचा हक्क मला मान्य आहे, आणि मोबदला द्यायलाही माझी तयारी आहे. कायद्याने त्याची वाटही ठेवली आहे. २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१सी असे सांगते की मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे होऊन गेली असतील तर ठरलेले मानधन आगाऊ भरून, सूचना देऊन कोणालाही ते गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करता येईल. पण मानधन भरायचे ते प्रत्येक वर्षी प्रत्येक गाण्यासाठी किमान ५०,००० प्रतींचे. आमच्या ओळखीच्या वकिलांनी हे वाचून दाखवले तेव्हा अक्कांनी पेटीचा भाता मिटला. आम्हाला शंभर प्रती काढायच्या आहेत. नातेवाईक, माझ्या जुन्या विद्यार्थिनी, गावातली वाचनालये, चार कीर्तनकार, एवढ्यांसाठी. पन्नास हजारांचा आकडा मोठ्या कंपन्यांनी एकमेकींची लोकप्रिय गाणी उचलू नयेत यासाठी ठेवला असेल, तर त्या हेतूशी माझे भांडण नाही. अर्धवट विसरलेल्या गाण्याला मात्र तो आकडा कुलूप लावतो. रीतसर परवानगीसाठी एका कंपनीला पत्रे लिहिली. त्यांतल्या एकाचेही उत्तर आलेले नाही.

वास्तविक त्याच कलमात अशी तरतूद आहे की एखाद्या भाषेतल्या किंवा बोलीतल्या गाण्यांचा संभाव्य खप लक्षात घेऊन हा किमान आकडा कमी करता येईल. म्हणजे कायदा बदलायचीही गरज नाही, असलेली तरतूद वापरायची आहे. मराठीसाठी, आणि कोकणी, अहिराणी, वऱ्हाडी यांच्यासाठी तर नक्कीच, हा आकडा काही शेकड्यांवर आणावा, अशी मागणी साहित्य परिषदा, नाट्य परिषद आणि राज्याचे सांस्कृतिक खाते यांनी लावून धरावी. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा उत्सव झाला. त्या दर्जाचा असा एक व्यवहारी उपयोग व्हावा, ही अपेक्षा गैर नाही.

दुसरी विनंती कवींच्या आणि संगीतकारांच्या घरच्यांना. आपल्या वडिलांची, आजोबांची जी गाणी आज कोणी गात नाही, त्यांची यादी करून आपणहून जाहीर करावे की घरगुती, छोट्या संचासाठी ही गाणी नावाचा उल्लेख करून गायला आमची संमती आहे. कायद्याच्या लांब वाटेपेक्षा असे एक पत्र लवकर काम करेल. अशी संमती एका दिवंगत कवीच्या कन्येने आम्हाला दिली. सोबत वडिलांच्या हस्ताक्षरातले, कधीच न गायले गेलेले एक कडवेही पाठवले. ते संचात घेतले आहे.

नावांचा उल्लेख मी मुद्दाम म्हटला. आज फोनवर गाणे लावले तर गायकाचे नाव दिसते, कवीचे क्वचित, पेटी-तबला वाजवणाऱ्याचे कधीच नाही. गंधर्व नाटक मंडळीत थिरकवाँसाहेब तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला होते, हे ज्यांनी लिहून ठेवले त्यांच्यामुळे आपल्याला कळते. आमच्या संचाबरोबर एक छोटी पुस्तिका आहे. प्रत्येक गाण्याचे कर्ते, चाल कोणाकडून मिळाली, कोणते कडवे कोणत्या पुस्तकातून घेतले, पट्टी, ताल, साथ, ध्वनिमुद्रणाचा महिना, सगळे त्यात लिहिले आहे. स्वरलिपी मी भातखंडे पद्धतीने दिली आहे, म्हणजे पुढे आमचे गाणे कोणी ऐकले नाही तरी पानावरून गाता येईल.

'सौभद्रा'ची पदे आणि आत्याबाईंची हादग्याची गाणी या दसऱ्याला सर्वांसाठी खुली करतो आहोत. भावगीतांपैकी ज्यांची संमती मिळाली तेवढीच त्यांत असतील, बाकीची परवानगी येईपर्यंत घरातच राहतील. हिवाळ्यात अक्कांच्या माहेरी जाऊन तिकडची लग्नगीते घ्यायची ठरली आहेत, कारण किर्लोस्करांच्या आणखी दोन पदांची चाल तिथे मिळेल असे अक्कांना वाटते.